आधी बाबाचं नाक

वासुदेव घरतच्या घरात दर रविवारी सकाळी पोपट बोलायचा, आणि तो काय बोलतो त्यावर घरातल्या माणसांचं आठवडाभराचं हसणं-बोलणं ठरायचं.

पोपट म्हणजे यंत्र. सरकारी नाव ‘श्वसन-नियामक गृहवाचक, आवृत्ती तीन’. पण रंग हिरवा, समोर चोचीसारखी खाच, त्या खाचेत नाकात फिरवलेली काडी घालायची आणि भविष्य ऐकायचं. इतकं सगळं जुळून आल्यावर पेण तालुक्याने त्याला दुसरं नाव देणं शक्यच नव्हतं. चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात पोपट काडी वाचायचा आणि बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात सांगायचा, “हिरवा”, “पिवळा” किंवा “तांबडा”. घरतांकडे तो गेली सहा वर्षं एकच वाक्य बोलत आला होता. “तांबडा. कृपया काळजी घ्या.” ते ‘कृपया’ इतकं हळवं असे, की ऐकणाऱ्याला आपण पोपटालाच काही त्रास दिलाय की काय असं वाटे.

हा तांबडा भार्गवीचा. वय वर्षं अकरा.

लहानपणी तिला दमा होता, खराखुरा. छातीतून शिट्टी वाजे. दोनदा रुग्णवाहिकेतून अलिबागला न्यावं लागलं होतं, आणि त्या प्रवासात वासुदेवने लेकीचे निळसर पडलेले ओठ पाहिले होते. त्याबद्दल तो कधी कुणाशी बोलला नाही. फक्त त्यानंतर तो काळजी घेऊ लागला, आणि ती घेणं त्याने पुन्हा कधीच थांबवलं नाही.

पोपटाच्या पोटातलं विज्ञान तसं सोपं आहे. आपल्या प्रत्येक पेशीत जनुकांची तीच पोथी असते. मग तीच धूळ नाकात गेल्यावर एक भाऊ नुसता शिंकतो आणि दुसऱ्याला दवाखाना गाठावा लागतो, हे कसं? शास्त्रज्ञांनी बरीच वर्षं जनुकांतच दोष शोधला. शेवटी उत्तर सापडलं ते जनुकांच्या आजूबाजूच्या मजकुरात, ज्याला एकेकाळी शहाणी माणसं अडगळ म्हणत होती. तिथे बटणं होती. गॅस तोच, शेगडी तीच. बारीक ठेवायचा की मोठा, हे बटण ठरवतं. श्वासनलिकेच्या अस्तरातलं असं एक बटण मोठ्यावर राहिलं, की चिमूटभर धुळीवरही तिथल्या पेशी आग लागल्यासारखा आरडाओरडा करतात, नळी सुजते, आवळते. ही बटणं बालपणी पक्की बसलेली नसतात. सर्दी, धूर, धूळ, औषधं यांनी ती इकडेतिकडे फिरतात, आणि पुष्कळ मुलांची वाढत्या वयात आपसूक बारीक होतात. बटण कुठे आहे हे त्याच्यावर बसलेल्या रासायनिक खुणांवरून कळतं. नाकाचं आणि श्वासनलिकेचं अस्तर एकाच ताग्यातलं असल्यामुळे त्या खुणा नाकातल्या काडीवरही सापडतात. पोपट वाचायचा त्या ह्या खुणा. तांबडा आला की सरकारकडून फवारा मिळे. त्यातला औषधाचा रेणू बटणाला जाऊन चिकटे आणि ‘जरा बारीक हो’ असं सांगे.

आता पोपटाने सहा वर्षं तांबडा सांगितल्यावर घराचं काय होतं, तेही पाहायला हवं. वासुदेवचा गणपतीचा कारखाना घराला लागूनच होता. तो त्याने उचलून परसाच्या पार टोकाला नेला आणि मधे झाडांची भिंत उभी केली. मातीचे गणपती आता छापयंत्रातून निघत, पण डोळ्यांची आखणी अजून माणसाच्याच हाताची लागे. यंत्राने आखलेले डोळे भक्ताकडे न बघता मोबाइलच्या कॅमेऱ्याकडे बघतात, अशा तक्रारी आल्या होत्या. तर हजारो गणपतींचे डोळे आखणाऱ्या ह्या माणसाच्या घरी स्वतःच्या गणपतीपुढे उदबत्ती बंद होती. धूप बंद होता. मिरचीच्या फोडणीला बंदी होती. पाहुणे अत्तर लावून आल्यास त्यांना अंगणातच चहा मिळे. शिवाय वासुदेव ‘तांबडा पालक परिवार’ या चारशे लोकांच्या गटाचा अध्यक्ष होता. नव्या तांबड्या मुलाच्या आईबापांना तो स्वतः फोन करून धीर द्यायचा, आणि तो इतका द्यायचा की फोन ठेवल्यावर ते आईबाप रडायचे.

ह्या सगळ्यात भार्गवीला एकच गोष्ट हवी होती. तिला कबड्डी खेळायची होती.

शाळेच्या संघाची शिक्षिका म्हणजे वासुदेवची थोरली बहीण शकुंतला. तरुणपणी राज्याकडून खेळलेली आणि अजूनही बोलताना समोरच्याचं मनगट धरणारी बाई. भार्गवी दोन वर्षं मैदानाच्या कडेला बसून तिच्यासाठी गुण लिहीत होती. आणि आता संघातली उजव्या कोपऱ्याची मुलगी वडिलांच्या बदलीमुळे नागपूरला निघून गेली, तालुक्याचे सामने पुढच्या आठवड्यावर आले, तेव्हा शकुंतला एका संध्याकाळी कारखान्यात येऊन उभी राहिली.

“वासू, तुझी पोर दे.”

वासुदेव एका मूर्तीच्या डाव्या डोळ्याशी झुंजत होता. “ताई, पोपट काय म्हणतो ठाऊक आहे ना?”

“पोपट गेला चुलीत. तिच्याएवढा दम तालुक्यात एका मुलीचा नाही.”

“तुला कसं कळलं?”

“ऐकला मी. एका श्वासात कबड्डी म्हणत शाळेच्या पायऱ्या चढून उतरून येते.”

वासुदेवने कुंचला खाली ठेवला. “म्हणजे तू तिला खेळवतेस?”

“खेळवत नाही. नुसतं म्हणायला लावते. भजन म्हटलेलं चालतं ना तुला?”

“भजनात कुणी तंगडी धरत नाही.”

“आमच्या मंडळात ये कधीतरी,” शकुंतला म्हणाली. मग तिने मूर्तीकडे निरखून पाहिलं. “हे काय रे? उजवा डोळा माझ्याकडे बघतोय आणि डावा फाटकाकडे.”

आतून करुणा, म्हणजे वासुदेवची बायको, रंगाचे डबे घेऊन येत होती. ती म्हणाली, “वन्सं, गेली दोन वर्षं तसंच चाललंय. श्वास रोखून एका दमात रेघ ओढायची, तर ह्यांना मधेच खोकला. चष्मा बदला म्हटलं तर ऐकत नाहीत.”

“चष्म्याचा खोकल्याशी काय संबंध?” वासुदेव म्हणाला आणि खोकला.

बराच वाद झाल्यावर ठरलं ते असं: शाळेच्या नियमाप्रमाणे सामन्याआधी आरोग्यकेंद्रात तपासणी करून घ्यायचीच असते. तिथे तांबडा आला की विषय संपला, शकुंतलाने पुन्हा नाव काढायचं नाही. वासुदेव लगेच कबूल झाला. सहा वर्षांत न चुकलेल्या पोपटावर पैज लावायला त्याला काहीच भीती वाटली नाही.

आरोग्यकेंद्रातल्या डॉक्टर शबाना मुकादम ह्या कामाच्या झपाट्यात बोलणाऱ्या बाई. त्यांनी भार्गवीला स्टुलावर बसवलं, “वर बघ” म्हटलं, आणि ‘वर बघ’ संपायच्या आत काडी फिरवून यंत्रात घातलीही.

“हिरवा,” यंत्र म्हणालं.

शकुंतलाने भावाचं मनगट धरलं. भार्गवीने यंत्राकडे असं पाहिलं, जसं कुणी अनोळखी माणूस अचानक आपल्या नावाने हाक मारतो तेव्हा पाहतात.

“यंत्र बिघडलंय,” वासुदेव म्हणाला.

“गेल्याच आठवड्यात तपासून गेलेत.”

“मग तुम्ही काडी नीट फिरवली नाहीत. राग मानू नका डॉक्टर, पण सहा वर्षं मी फिरवतोय. माझा हात बसलाय. द्या, मी दाखवतो.”

डॉक्टरांनी नवी काडी दिली. वासुदेव भार्गवीसमोर उकिडवा बसला. चेहऱ्यावर एकदम रविवारचं हसू आलं. “घाबरायचं नाही हं भार्गू. हे बघ, आधी बाबाचं नाक.” आणि त्याने काडी स्वतःच्या नाकात घालून चांगली गोल फिरवली. “बघ, काही झालं बाबाला? काही नाही! आता तुझं.”

भार्गवीने सवयीने मान वर केली. अकरा वर्षांच्या मुलीला हे आता लाजिरवाणं वाटत असे, पण बाबाला बरं वाटतं म्हणून ती ते चालवून घ्यायची. काडी तिच्या नाकात फिरली आणि तिथून यंत्रात गेली.

“तांबडा. कृपया काळजी घ्या.”

“बघा,” वासुदेव विजयाने म्हणाला.

डॉक्टर मुकादम त्याच्याकडे पाहत होत्या. औषधाची बाटली रिकामी करून वर ‘चव बरी होती’ म्हणणाऱ्या पेशंटकडे पाहावं तसं. “घरत, हे तुम्ही काय केलंत?”

“काय केलं?”

“काडी आधी तुमच्या नाकात घातलीत.”

“अहो, दाखवायला. पाच वर्षांची होती, काडी बघून टाहो फोडायची. आमच्याकडे पद्धतच आहे, काढा असो की सुई असो, आधी बापाने दाखवायचं. माझ्या वडिलांनी मला गोवराची लस दाखवायला स्वतःच्या दंडात टाचणी टोचून घेतली होती.”

“आणि दर रविवारी असंच?”

“एकही चुकवला नाही.”

“तीच काडी?”

वासुदेवला प्रश्नच कळला नाही. “घरचंच नाक आहे डॉक्टर. परकं थोडंच?”

शकुंतलाने मनगट सोडलं आणि भिंतीकडे तोंड केलं. तिचे खांदे हलत होते.

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. “नीट ऐका. काडीच्या टोकावरचा बोळा पहिल्या नाकातच भरून जातो. दुसऱ्या नाकाला जागा उरत नाही. सहा वर्षं यंत्राने तुमच्या मुलीचं बटण वाचलेलंच नाही. तुमचं वाचलंय.”

“पण यंत्राला कळायला नको, की हे नाक कुणाचं?”

“कळू शकतं. पण खासगीपणाच्या कायद्याने त्याला तसं विचारायला बंदी आहे.”

वासुदेव स्टुलावर बसला. भार्गवी उठली होती, म्हणून स्टूल रिकामंच होतं.

डॉक्टरांनी तिसरी काडी काढली, ती फक्त त्याच्यासाठी. यंत्र पुन्हा तांबडाच म्हणालं. मग त्यांनी त्याच्या छातीला नळी लावून ऐकलं. मग प्रश्न सुरू झाले. जिना चढताना दम लागतो? लागतो. पहाटे खोकला? येतो. कारखान्यात जास्त? हो. केव्हापासून? वासुदेवने आठवायचा प्रयत्न केला, पण त्याला स्वतःबद्दल काही आठवण्याची सवय उरली नव्हती.

“मला वाटलं काळजीने होतं,” तो म्हणाला.

“रंगाच्या धुळीने होतं. लहानपणी दबलेलं असेल, धुळीने बटण पुन्हा वर गेलं. तुमच्या लेकीचं उलट झालं. वाढता वाढता खाली आलं.” मग त्यांना काहीतरी सुचलं आणि त्यांनी फार सावधपणे विचारलं, “फवारासुद्धा आधी तुम्ही घेऊन दाखवायचा का?”

“छे छे!” वासुदेव दुखावला. “औषध पोरीचं. ते मी कसं घेईन?”

“तेवढंच घेतलं असतंत, तर आज बरे असता.”

इथे मात्र शकुंतलाला राहवेना. ती इतकी हसली, की बाहेरच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्या आत डोकावून गेल्या. भार्गवीसुद्धा हसली, मग एकदम थांबली. “मग मी इतकी वर्षं घेतला तो फवारा?”

“चिकटायला वर गेलेलं बटणच नव्हतं, बाळा. आत गेला आणि तसाच बाहेर आला. त्याने तुला ना फायदा, ना तोटा.”

घरी परतताना वासुदेव रिक्षात कडेला बसला होता. आनंद झाला होता हे नक्की, पण तो कुठे ठेवावा हे त्याला कळत नव्हतं. सहा वर्षं सगळ्या खोल्या काळजीने भरलेल्या, आणि आता अचानक सामान हलवल्यावर घर घुमतं तसं काहीतरी झालं होतं. त्याने सवयीने रिक्षाचा पडदा खाली सोडला, धूळ येऊ नये म्हणून. भार्गवीने तो वर केला.

“ती धूळ तुला वाईट आहे, मला नाही,” ती म्हणाली. मग थोडा विचार करून तिने तो पुन्हा खाली सोडला.

पुढचे दिवस करुणाच्या भाषेत सांगायचं तर बघण्यासारखे होते. भार्गवीने बापाचे सगळे नियम बापालाच लावले. सहा वर्षं ऐकलेलं असल्यामुळे तिला ते शब्दन् शब्द पाठ होते.

“बाबा, मास्क.”

“अगं, नुसता डबा उचलायला चाललोय.”

“‘नुसता’ म्हणूनच सगळं सुरू होतं,” भार्गवी हुबेहूब त्याच्या सुरात म्हणाली. “आणि पायांत मोजे घाल. आणि कुणी अत्तर लावून आलं तर तू आत ये, पाहुणे अंगणात.”

“पण तो माझाच मावसभाऊ आहे!”

“त्याला मी चहा देते. तू खिडकीतून हात हलव.”

‘तांबडा पालक परिवारा’त वासुदेवने जड अंतःकरणाने खुलासा पाठवला आणि अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. दुपारपर्यंत चाळीस पालकांनी कबूल केलं, की काडी तेही आधी स्वतःच्या नाकात फिरवतात. दोघांनी लिहिलं, आमच्याकडे आधी आजोबांचं नाक असतं. संध्याकाळी आरोग्यकेंद्रासमोर जी रांग लागली, तिच्यात मुलं कमी आणि बापच जास्त होते.

राहिला प्रश्न कबड्डीचा. वासुदेव सामन्याच्या आदल्या दिवशी एकटाच डॉक्टर मुकादमांकडे गेला.

“आज हिरवा आहे. पण उद्या?”

“उद्याचं पोपटाला ठाऊक नाही.”

“मग त्याचा उपयोग काय?”

“आजचं सांगतो, हा काय कमी उपयोग आहे? बटण फिरतं, घरत. कदाचित कधी पुन्हा वर जाईल. म्हणून महिन्याला काडी, फक्त तिची, आणि खिशात दम्याचा पंप. तेवढं पुरे. बाकी खेळायचं की नाही हे यंत्र ठरवत नाही. मीही नाही.”

वासुदेवला हेच ऐकायचं नव्हतं. यंत्राने नाही म्हटलं असतं तर तो सुटला असता. हो म्हणून जबाबदारी घेतली असती तरी सुटला असता. घरी आला तेव्हा भार्गवी ओट्याशी उभी राहून भांडी विसळत होती आणि दबक्या आवाजात, न थांबता, “कबड्डी कबड्डी कबड्डी” चाललं होतं. तो दारात उभा राहिला. तिने त्याला पाहिलं नव्हतं. चार ताटं झाली, वाट्या झाल्या, आवाज तुटला नाही. वासुदेवला कळलं, तिच्याबरोबर आपणही श्वास धरून उभे आहोत. त्याचा वाट्यांपाशीच सुटला आणि तो दाराला धरून खोकत राहिला. ती पातेल्यापर्यंत गेली.

“पाणी देऊ?” ती वळून म्हणाली.

“नको,” तो म्हणाला. “ताईला फोन लाव. सांग, येतेय म्हणून. पण मी पंप घेऊन रेषेपाशी बसणार.”

भार्गवीच्या हातातलं पातेलं खाली पडलं. तिने ते उचललं नाही. “तूही डॉक्टरांनी दिलेला तुझा आणणार. आणि मास्क.”

“आणि मास्क,” वासुदेव म्हणाला.

सामना शाळेच्या मातीच्या मैदानावर होता. वासुदेव पहिल्या रांगेत बसला होता, तोंडाला मास्क, एका खिशात लेकीचा पंप, दुसऱ्यात स्वतःचा. कोणता कुठल्या खिशात, हे तो दर मिनिटाला तपासत होता. करुणा शेजारी भेळ खात होती.

भार्गवीची पहिली चढाई आली. ती मधली रेषा ओलांडून गेली, आवाज खणखणीत, पाय नाचरे, आणि पलीकडच्या कोपऱ्यातल्या एका दांडगट मुलीने तिला घोट्याला धरून सरळ जमिनीवर आदळलं. आणखी चौघी वर पडल्या. धुळीचा लोट उठला. त्या ढिगाच्या तळातून काही क्षण “कबड्डी, कबड्डी” येत राहिलं, मग बंद झालं.

वासुदेव उभा राहिला. करुणाने त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं आणि भेळ खात राहिली.

ढीग उठला. भार्गवी बाद झाली होती. कोपरावर खरचटलं होतं, दातांना माती लागली होती, आणि ती इतकी खूश दिसत होती की पंचांनी तिला दोनदा सांगितलं, मुली, तू बाद आहेस, बाहेर जा. मग तिच्या सोबतिणीने एक गडी मारला, भार्गवी परत आत आली, तिनेही कुणाचा तरी घोटा पकडला, आणि मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा संघ दोन गुणांनी मागे होता. शकुंतला सगळ्यांना एकाच वेळी ओरडत होती.

त्या शिट्टीसरशी वासुदेव करुणाच्या हातून निसटला. उजव्या खिशातला पंप बाहेर काढून तो मैदानात घुसला आणि मुलींच्या घोळक्याजवळ गेला. आणि तिथेच थबकला.

सातही मुली गुडघ्यांवर हात टेकून वाकल्या होत्या. सातही जणी धापा टाकत होत्या. पाठी वरखाली होत होत्या, वेण्या मातीने भरल्या होत्या, चेहरे जमिनीकडे, सगळ्यांचा रंग एकच, मैदानाचा. सगळ्यांचा श्वास एकाच आवाजाचा, भरभरून आत जाणारा आणि भरभरून बाहेर येणारा. त्यातली आपली कुठली, हे वासुदेवला क्षणभर ओळखता येईना.

तो तसाच हातात पंप धरून उभा राहिला. मास्कच्या आत त्याचं तोंड कानापर्यंत फाकलं होतं.

“वासू!” शकुंतला गरजली. “मैदानात काय करतोस? चल, बाहेर हो!”

वासुदेव घाईघाईने मागे सरकला. सरकताना त्याचा पाय चुन्याच्या रेषेवर पडला, आणि पंचांनी शिट्टी फुंकून, अत्यंत गंभीर चेहऱ्याने, त्यालाही बाद दिलं.